दर्यातलं गोडं पाणी

आमच्या घरी सर्वपित्रीच्या तर्पणात एक जागा कायमची मोकळी असे. भटजी नावं विचारत जायचे आणि बाबा पाणी सोडत जायचे. आधी वडील, मग आजोबा, मग पणजोबा. वडिलांचं नाव बाबा खणखणीत सांगायचे. मग भटजी म्हणायचे, "आजोबांचं नाव?" आणि बाबा मान न उचलता म्हणायचे, "ते आसत. फुडे चला."

वडिलांना पाणी सोडणाऱ्या माणसाचे आजोबा 'आहेत', म्हणजे जिवंत आहेत, असं ऐकल्यावर नवा भटजी गोंधळायचा. एकदा एका तरुण भटजीने चक्क घरात इकडेतिकडे नजर फिरवली होती. लहानपणी आम्हा भावंडांना हा प्रसंग फार आवडायचा आणि आम्ही पदराआड, दाराआड तोंड लपवून हसायचो. आमचे नेहमीचे भटजी मात्र पुढे पुढे विचारेनासेच झाले. वडिलांवरून ते थेट पणजोबांवर उडी मारायचे.

बाबांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पायदळ पलटणीतून इराकातल्या बसऱ्याकडे गेले ते परत आले नाहीत. मागे विशीतली बायको आणि मांडीवरचं पोर होतं. ते पोर म्हणजे माझे आजोबा. लढाई संपल्यावर पलीकडच्या वाडीतला त्यांचा जोडीदार लंगडत परत आला. दोघं एकत्र भरती झाले होते, एका बोटीने गेले होते. तो आमच्या अंगणात येऊन बसला आणि प्रवासाची हकिगत सांगू लागला. बोट म्हणे एका बेटाजवळ समुद्रात पुष्कळ दिवस उभी होती, कुणाला उतरू देत नव्हते. पिण्याच्या पाण्याचे हाल होते. तेव्हा छोट्या होड्यांमधून तिथले लोक कातड्याच्या पिशव्यांतून पाणी आणायचे. ते पाणी समुद्राच्या तळातून काढलेलं असायचं आणि ते गोडं होतं. ही सगळी हकिगत सांगून झाल्यावर, खाली बघत, त्याने शेवटचं सांगितलं. पुढे बसऱ्याच्या वरच्या अंगाला झालेल्या लढाईत पणजोबा पडले आणि त्यांच्यावर वाळू त्यानेच आपल्या हाताने लोटली होती. मामलेदारासमोर मी साक्ष देतो, म्हणजे तुला पेन्शन लागू होईल, असंही तो म्हणाला.

पणजीने सगळं ऐकून घेतलं. मग जमलेल्या बायकांकडे वळून म्हणाली, "दर्याच्या मदी गोडां पाणी गावता म्हणणारो ह्यो माणूस. ह्येच्या सांगण्यावर मी माझां कुकू पुसू?"

बायका हसल्या. आमचं गाव समुद्रापासून आत, डोंगराच्या कुशीत. समुद्राचं पाणी खारट असतं एवढंच तिथे सगळ्यांना ठाऊक. जोडीदार बिचारा खोटारडा ठरला आणि तसाच लंगडत निघून गेला. पणजीने कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत, पेन्शन मागितलं नाही. दुसऱ्यांची भातं कांडून, काजूच्या बिया भाजून तिने पोर वाढवलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात 'दर्यात गोडां पाणी' म्हणजे थाप. मी अभ्यास झाला म्हटलं की आई म्हणायची, "होय तर, दर्यात गोडां पाणी!" लग्नानंतर हा वाक्प्रचार मी हुंड्यासारखा बरोबर नेला. बहारीनला आल्यावर त्याचा उपयोग भलताच वाढला. नवरा मआमीरच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि शिफ्ट संपली, दहा मिनिटांत निघतो, असं तो फोनवर सांगतो तेव्हा याहून योग्य उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मी स्वतः सलमानियाला एका लॅबमध्ये काम करते. राहायला आम्ही सनदला, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालक राहतात, बाबांच्याच वयाचे, गुडघ्यांनी बेजार आणि गप्पांना भुकेले. आई गेल्यावर ऐंशी पार केलेले बाबा गावी पोफळीच्या बागेत एकटेच असत. भाऊ-वहिनी शेजारीच आहेत, पण तरीही. म्हणून एका हिवाळ्यात मी व्हिजिट व्हिसा काढून त्यांना इकडे आणलं. मला वाटलं होतं, लेकीच्या ओढीने आले. पहिल्याच संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्यांनी विचारलं, "बसरो खय इलो?"

मी उत्तरेकडे हात केला. ते तिकडे वळून उभे राहिले. मग म्हणाले, आता माझे किती दिवस राहिले, त्याआधी आजोबाचा काय तो निकाल लागायला हवा. माझ्यानंतर कोण पाणी सोडणार आहे? तुझा भाऊ एक वर्ष सोडील, दुसऱ्या वर्षी भटजीला ऑनलाइन पैसे पाठवील. आजोबा गेला असेल तर तो शंभर वर्षं तहानलेला आहे. असेल तर म्हणजे काय, गेलाच आहे, पण कुणीतरी सांगायला नको का?

माझ्या नवऱ्याला असं काम कुणी दिलं की त्याच्या अंगात वारं शिरतं. तो पुण्याचा. प्रत्येक गोष्ट इंटरनेटवर सापडते यावर त्याची श्रद्धा आहे. सुट्टीचे दोन-तीन शुक्रवार तो लॅपटॉप घेऊन बसला. त्याला पलटण सापडली. बसऱ्याकडे जाणाऱ्या काही बोटी आधी बहारीनच्या समुद्रात येऊन थांबल्या होत्या आणि त्यांत ही पलटणही होती, हेही सापडलं. ते त्याने बाबांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. बाबा फक्त "हं" म्हणाले. मग बसऱ्याजवळचं, त्या लढाईत मेलेल्यांचं स्मारक सापडलं, आणि नवऱ्याचा आवाज हळू झाला.

"बाबा, यात गोऱ्यांची नावं आहेत. आपल्या सुभेदार-जमादारांची आहेत. शिपायांची नाहीत."

"नाव नाय?"

"नाही. पलटणीचं नाव, आणि खाली शिपाई किती मेले तो नुसता आकडा."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे थय पण 'फुडे चला'च," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आपटली. ज्या माणसाने यांच्यासाठी वाळूत जीव दिला त्याचं नाव कोरायला यांच्याकडे दगड कमी पडला! पण माझ्या भांडी आपटण्याने निकाल लागणार नव्हता. लॅपटॉप मिटला आणि विषय तिथेच राहिला.

बाबा आणि घरमालक यांची मात्र एव्हाना गट्टी जमली होती. दुपारच्या नमाजानंतर दारात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जायच्या आणि दुधाचा चहा यायचा. मालकांचं हिंदी बाजारातलं, बाबांचं हिंदी सिनेमातलं. दोघंही व्याकरणाच्या वाटेला जात नसल्यामुळे त्यांचं छान चालायचं. एकदा मी ड्युटीवरून भाजीच्या पिशव्या घेऊन येत होते, तेव्हा मालक आपल्या वडिलांबद्दल सांगत होते. त्यांचे वडील मोती काढणाऱ्या बोटीवर होते, पाण्यात बुडी मारणारे.

"चार महिना समुंदर में. नाव का पानी खलास, तो क्या करेगा? आदमी नीचे जाता, चमडे का थैला लेके. नीचे जमीन में से मीठा पानी निकलता. थैला भरा, मुँह बंद किया, यल्ला, ऊपर!"

बाबांचा कप ओठांपाशी थांबला. "समुंदर के नीचे मीठा पानी?"

"मीठा! तुम पिएगा तो बोलेगा कुआँ का है. इधर सब तरफ था. अब मफी, कुछ नहीं. जमीन में मोटर लगाया, पानी खींचा, सब सूख गया."

"फौज का बोट आया तो उसको भी देता था?"

"देता होगा. पानी किसको नहीं चाहिए?"

मी पिशव्या खाली ठेवून टाळ्या वाजवायचीच बाकी होते. "बाबा! ऐकलंत? तो माणूस खरं बोलत होता! पणजोबा इथे होते, बाबा, इथे! हे पाणी प्यायले ते!" इतकी वर्षं मी या देशात राहतेय, इथल्याच समुद्राकाठी नवऱ्याला 'दर्यात गोडां पाणी' म्हणून टोमणे मारतेय, आणि पाणी खरोखर इथेच! मला हसू आवरेना. मग मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी कप खाली ठेवला, मालकांना हात जोडले आणि कठड्याला धरून जिना चढून गेले.

रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही भात चिवडत बसले. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला, कारण मी आनंदात होते. जोडीदार पाण्याबद्दल खरं बोलला असेल, तर मरणाबद्दलही खरंच बोलला होता. म्हणजे पणजोबा तेव्हाच गेले होते. म्हणजे पणजी विशीतच विधवा झाली होती, आणि पुढचं सारं आयुष्य तिने एका चुकीवर कुंकू लावलं होतं.

आणि एवढ्यावरच ते संपत नव्हतं. पणजी बाबांच्या शाळकरी वयात गेली. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, कपाळभर कुंकू, अशी सवाष्ण म्हणून तिला पोचवली. म्हणून तिचा दिवस पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे सवाष्ण जेवायला असते, तिची ओटी भरतात. आधी आई भरायची, आता वहिनी भरते. पणजोबांच्या नावाने पाणी सोडायचं, तर ते तिच्या आधी गेले हे मान्य करायचं, आणि तसं केलं की नवमी खोटी. पणजोबांची तहान भागवायची तर पणजीचं कुंकू जातं. बाबा यात अडकले होते.

"मेल्यावर तिचां कुकू पुसू?" ते म्हणाले. "तां पण माझ्या हातान?"

"बाबा, शंभर वर्षं झाली. कोण बघायला येतंय?"

"तुका नाय कळाचां, बाय."

मला राग आला, कारण मला कळत होतं. पणजीला मी पाहिलेलं नाही, तिचा फोटोही नाही. पण आमच्या घरातल्या प्रत्येक मुलीच्या डोक्यात ती बसलेली आहे. बारा वर्षं झाल्यावर भावकीने ठरवलं की आता पणजोबांच्या नावाने दर्भाचा पुतळा करून जाळू, म्हणजे मोकळं होऊ. पणजीने म्हणे ते दर्भ उचलून गुरांपुढे टाकले. गावातल्या काही बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, तर ही न बोलावता जायची, दारात उभी राहून कपाळ पुढे करायची. दारात उभ्या राहिलेल्या बाईला कुंकू न लावण्याची कुणाची हिंमत झाली नाही. नणंदा-जावांना नवऱ्यांनी मारलं की त्या हिच्याकडे यायच्या. एकटीने एवढं सगळं निभावणारी बाई एका गैरसमजावर उभी होती, हे मलाही सहन होत नव्हतं. मला ती शहाणी हवी होती.

पुढच्या शुक्रवारी नवरा म्हणाला, बाबांना समुद्रावर नेऊ, घरात बसून ते आणखी खचतील. आम्ही दक्षिणेकडच्या एका किनाऱ्यावर गेलो. जानेवारीतली सकाळ, अंगाला झोंबणारा वारा, ओहोटी लागलेली. लांबवर ओली वाळू उघडी पडली होती. मी चटई पसरून थर्मासमधला चहा ओतत होते. बाबा चटईवर बसलेच नाहीत. धोतर वर खोचून ते ओल्या वाळूत उकिडवे बसले आणि हाताने वाळू उकरू लागले.

"काय हरवलं, बाबा?" नवऱ्याने विचारलं.

"गोडां येता काय बघतंय."

खळग्यात पाणी झिरपलं. बाबांनी ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकले. "खारट." मग तसंच उकरत, आमच्याकडे न बघता, ते सांगू लागले. त्यांच्या आजीचं, म्हणजे पणजीचं, माहेर समुद्रकाठचं होतं. मे महिन्यात ती त्यांना घेऊन तिथे जायची. ओहोटीला दोघं मुळे काढायला जायचे, खडकांमधल्या वाळूतले शिंपले. ऊन चढलं की पोराला तहान लागायची. घर लांब. मग आजी माडांच्या समोरची, भरतीला बुडणारी एक ठराविक जागा शोधून काढायची, कोपरभर वाळू उकरायची, पहिलं पाणी उपसून टाकायची आणि म्हणायची, "आता पी." ते पाणी गोडं असायचं. लाटा हाताच्या अंतरावर, आणि पाणी गोडं.

एवढं बोलून बाबांचा हात वाळूतच थांबला.

"आजयेक ठावक होतां," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"दर्यात गोडां पाणी गावता तां. तिका लानपणापासून ठावक होतां गो. ती तां पिऊन वाढली!"

मी थर्मास खाली ठेवला. आमच्या डोंगरातल्या गावात ही गोष्ट माहीत असलेली एकच बाई होती, आणि तिनेच सगळ्यांना हसवलं होतं. जोडीदाराचं बोलणं तिने पहिल्या शब्दापासून खरं मानलं होतं. पाण्याचंही आणि वाळूचंही. आपला नवरा गेला हे तिला त्याच अंगणात, त्याच क्षणी कळलं होतं. आणि त्या क्षणी, पदराशी पोर घेऊन बसलेल्या त्या विशीतल्या मुलीने त्या सगळ्या हकिगतीतून गावाला हसू येईल अशी एकच गोष्ट अचूक उचलली होती. मग ती घरात जाऊन रडली असेल का? कधी रडली असेल? भात कांडताना?

बाबा हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाळूने भरलेल्या हाताने ते पुसत होते, त्यामुळे गालही वाळूने भरले. "खोटारडी!" ते म्हणाले. "काय खोटारडी बाई ती! सगळ्या गावाक फसवल्यान. माका पण!" एवढ्या कौतुकाने खोटारडी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ वाळूत बसले आणि आम्ही दोघंही रडलो. नवरा थर्मासचं झाकण हातात धरून उभा होता.

बऱ्याच वेळाने बाबा शांत झाले. समुद्राकडे बघत म्हणाले, "परमुलखात मेल्याचां सुतक कधी लागता, ठावक आसा?"

मला ठाऊक होतं. बातमी कानावर येते तेव्हा. माणूस केव्हाही गेलेला असो, घरासाठी तो बातमी आली त्या दिवशी जातो. आणि बातमी वर्ष उलटून आली तर दहा दिवसांचं सुतकही नाही, नुसती आंघोळ करायची.

"जोडीदार खबर घेऊन इलो," बाबा म्हणाले. "पण आजयेन ती घरात घेतल्यानच नाय. अंगणातसून परत धाडल्यान. मगे ती सवाष्ण गेली. खबर घरात आज इली. आज मी घेतलंय." ते थांबले. मनातल्या मनात पुन्हा एकदा सगळं तपासून पाहिल्यासारखी त्यांनी मान हलवली. "म्हणजे ती आधी गेली. आजो आज गेलो."

यावर मी काही बोलायच्या आत ते सदऱ्याची बटणं काढू लागले.

"बाबा, पाणी गार आहे! छातीत कफ होईल तुमच्या. घरी जाऊन करू आंघोळ, गिझर आहे."

"गिझरच्या पाण्यान आजो कसो जायत?" त्यांनी मला विचारलं. 

ते समुद्रात शिरले. आपल्याकडच्यासारखा तो समुद्र पटकन खोल होत नाही, कमरेएवढ्या पाण्यासाठी त्यांना पुष्कळ चालावं लागलं. नवरा बूट काढून पँटसकट त्यांच्यामागे धावला आणि त्यांचा दंड धरला. मी काठावर उभी राहून ओरडत होते की हळू, हळू. बाबा थांबले, त्यांनी उत्तरेकडे तोंड केलं, नाक धरलं आणि डोकं पूर्ण पाण्याखाली घातलं. वर आले तेव्हा त्यांनी ओंजळ भरून घेतली, काहीतरी पुटपुटले आणि ती समुद्रात सोडली. काय म्हणाले ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. नवऱ्याला मी नंतर विचारलं. तो म्हणाला, मी ऐकलं नाही, ते त्यांचं होतं.

मी त्यांना माझ्या ओढणीने पुसलं. थंडीने त्यांचे दात वाजत होते आणि ते चहा मागत होते. परतताना गाडीत हीटर लावून ते गाढ झोपले. घरी आल्यावर भात-आमटी दोनदा मागून घेतली. संध्याकाळी खाली जाऊन मालकांशेजारी बसले आणि त्यांना आपल्या हिंदीत सांगितलं, "मेरा दादा आज गया." मालकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि दुवा मागितली. कसं काय, केव्हा, असं काहीच विचारलं नाही.

त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात मी रजा टाकून गावी गेले. नवमीला वहिनीने नेहमीसारखी सवाष्ण जेवायला बोलावली, वडे केले, खीर केली, ओटी भरली. पंधरवड्यात नवमी आधी येते आणि सर्वपित्री नंतर, त्यामुळे पणजीचा मान तिला आधी मिळाला. सर्वपित्रीला आमचे ते नेहमीचे, जुने भटजी आले. ओटीवर पाट मांडला. बाबांनी वडिलांचं नाव सांगून पाणी सोडलं. भटजींनी सवयीने बाबांच्या आजोबांची जागा गाळली आणि बाबांच्या पणजोबांसाठी तोंड उघडलं.

"थांबा," बाबा म्हणाले. "मदलो ऱ्हवलो."

भटजींनी मान वर करून बाबांकडे बघितलं. बाबांनी नाव सांगितलं, सावकाश, पूर्ण, आणि पळी उचलली.